साहेबाची गरी

‘मासा धरणे’ या दोन शब्दांचं व्याकरण गोमाजी मास्तरांनी पोलादपूरच्या मराठी शाळेत बावीस वर्षं चालवलं होतं. मासा हे नाम, पुल्लिंगी, धरणे हे क्रियापद, सकर्मक, कर्ता अध्याहृत. हा अध्याहृत कर्ता एक दिवस आपणच निघू, अशी मात्र त्यांना स्वप्नातही कल्पना नव्हती.

निमित्त झालं आवडीचं. आवडी म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. मे महिन्याच्या सुट्टीत ती बाळंतपणासाठी मुंबईहून माहेरी आली होती. सातवा महिना लागलेला. पहिले आठ दिवस ती मोठ्या शहाणपणानं वागली. कैरी मागितली, चिंच मागितली, एकदा भाजलेली माती मागितली. या तिन्ही जिनसा पोलादपुरात हव्या तितक्या. पण सोमवारी सकाळी ती ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, मला जिताडा खावासा वाटतोय. ताजा."

आता जिताडा हा खाडीतला मासा. खाऱ्या पाण्यात वाढायचं आणि भरतीच्या पाण्याबरोबर वर चढायचं, हा त्याचा धर्म. आणि मे महिन्यातली पोलादपूरची सावित्री म्हणजे दगडगोट्यांची रांग. मधेमधे पाणी आहे असं म्हणायची नुसती पद्धत. गावात मासळी म्हणून जी काही मिळे ती सुकी. बोंबील नाहीतर सोडे.

"महाडच्या बाजाराला कुणी जात असेल त्याला सांगू या आणायला," मास्तरांची बायको रंगूबाई म्हणाली. या एका वाक्यात गोष्ट संपायला हवी होती. रंगूबाईंच्या बऱ्याचशा वाक्यांत गोष्टी संपत असत. मास्तर त्या पुढं चालू ठेवत.

कारण माळ्यावर काठी होती. मास्तरांचा धाकटा भाऊ भिकू मुंबईत एका साहेबाकडं बटलर होता. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्यानं आपलं सामान नोकरमाणसांत वाटून टाकलं. माळ्याला टोपी मिळाली, आचाऱ्याला घड्याळ मिळालं, आणि भिकूच्या वाट्याला आली साहेबाची मासे धरायची गरी. तीन तुकड्यांची, पितळी टोपणांनी जोडायची, बुडाशी चरखी, चरखीवर रेशमासारखी दोरी. भिकूनं ती दिवाळीत आणून थोरल्या भावाच्या पायाशी ठेवली. "दादा, साहेब धक्क्यावर बसून यानं रावसासारखा रावस उचलायचा," असं तो म्हणाला होता. तेव्हापासून ती माळ्यावर पडून होती, आणि मास्तर अधूनमधून शिडी लावून तिला नुसतं बघून येत.

मास्तर आत्ता शिडीवर चढले तेव्हा शेजारचे सदू हवालदार अंगणात शिरत होते. पेन्शन घेतल्यापासून सदू हवालदार रोज सकाळी शेजाऱ्यांची हजेरी घेत. नोकरीतली तीन वर्षं त्यांनी अलिबागेस काढली होती, त्यामुळं समुद्र हा आपल्या हद्दीत येतो अशी त्यांची समजूत होती.

"तुम्ही मासे धरलेत कधी?" मास्तरांनी विचारलं.

"मासे नाय धरले," हवालदार म्हणाले. "मासे चोरणारे धरलेत. पद्धत तीच. गप बसायचं आणि झडप घालायची."

या अधिकारवाणीनं मास्तरांना जोर चढला. काठी खांद्यावर घेऊन ते शिडीवरूनच बोलले, "आवडे, परवा बुधवारी तुला जिताडा मिळेल. बाजारचा नव्हे. मी स्वतः धरलेला!"

माणसानं शिडीवर उभं राहून प्रतिज्ञा करू नये. खालून ती फार लांबवर ऐकू जाते. संध्याकाळपर्यंत पोलादपुरात ज्याला त्याला ठाऊक झालं होतं की मास्तर समुद्रावर निघालेत. वाण्यानं "जाळं लहान पडेल का?" म्हणून विचारलं. देवळाच्या पुजाऱ्यानं मुहूर्त सांगितला. तिघाचौघांनी आपापल्या तुकड्यांची मागणी नोंदवली. एकानं डोकंच मागितलं.

रंगूबाईंची काळजी निराळी होती. "शुक्रवारी विहीणबाई येणार, रविवारी डोहाळजेवण. घर सारवायचं, पापड व्हायचेत. आणि तुम्ही निघालात मासे धरायला. आधीच त्या बाईंचा आपल्यावर राग."

राग होता हे खरं. आवडीच्या लग्नात विहिणींच्या पंक्तीला सगळ्यांच्या पानात मीठ वाढलं गेलं आणि नेमकं वरमाईच्या, सगुणाबाईंच्या, पानात राहिलं. सगुणाबाई काही बोलल्या नाहीत. संपूर्ण जेवण अळणी जेवल्या आणि उठल्या. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता सुनेच्या डोहाळजेवणासाठी येणार होत्या, त्याही "शुक्रवारी येते" एवढ्या दोनच शब्दांच्या पत्रानं.

"बुधवारी जातो, बुधवारी येतो," मास्तर म्हणाले. "शुक्रवारी त्या आल्या की मी स्वतः मिठाचं ताट घेऊन दारात उभा राहतो."

मंगळवारी सकाळी मागल्या अंगणात सराव झाला. सदू हवालदार हजर होतेच. काठीची टोपणं सैल आहेत असा त्यांचा अभिप्राय पडला. त्यांनी टोपणांत आधी खोबरेल तेल घातलं, मग तेलानं घसरतं म्हणून राख घातली, मग राखेनं अडतं म्हणून वरवंट्यानं ठोकलं. त्यानंतर त्या तीन तुकड्यांची जी एक काठी झाली ती कायमची. पुढं मुंबईच्या लोहारालाही ती सुटली नाही.

मग मास्तरांनी काठी मागं नेली, डोळे दूरवर लावले आणि झोकात पुढं फेकली. दोरी सुईऽऽ करून गेली. पण ती पुढं गेली नाही. मागच्या मागं कुंपणापलीकडं गेली. कुंपणापलीकडं हवालदारांच्या बायकोनं, साळूबाईंनी, सुपल्या मांडून फणसपोळी वाळत घातली होती. मास्तरांनी काठीला हिसडा दिला आणि एक सबंध फणसपोळी, बैलगाडीच्या चाकाएवढी, आकाशात चढली, क्षणभर सूर्याच्या आड आली आणि हवालदारांच्या मुंडाशावर उतरली.

साळूबाई कंबरेवर हात ठेवून कुंपणाशी आल्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "जिताड्याला फणसपोळी आवडते व्हय?"

हवालदारांना काही बोलता येईना. दाढीपर्यंत चिकटली होती.

बुधवारी सकाळी दहा हात लांबीची काठी घेऊन मास्तर सर्व्हिस मोटारीपाशी उभे राहिले. अंगात शाळेचा काळा कोट, डोक्याला पागोटं, काखेत डबा. डब्यात रंगूबाईंनी माशांसाठी मळून दिलेली कणीक आणि मास्तरांसाठी भाकरी अशा दोन पुरचुंड्या. ड्रायव्हर म्हणाला, काठी टपावर. मास्तर म्हणाले, काठी नाजूक आहे, साहेबाची आहे. शेवटी ती खिडकीतून बाहेर काढून प्रवास सुरू झाला. आतल्या माणसांनी बुडाशी धरली, शेंडा बाहेर हलत राहिला, आणि वाटेतल्या प्रत्येक झाडानं तिची विचारपूस केली. एका वळणावर मोठा हिसका बसला. सगळे आडवे झाले. उठून बघतात तर शेंड्याच्या गळाला दोन कैऱ्यांचा घोस लोंबतोय.

"धरला! मास्तरांनी धरला!" मोटार ओरडली. एक म्हातारा प्रवासी म्हणाला, "मास्तर, आंब्याच्या बागंलाच चला. खाडीचं काय काम?" मास्तर हसले. खरं म्हणजे त्यांना बरं वाटलं. साहेबानं रावस उचलला असेल, पण चालत्या मोटारीतून कैरी उचलली नसेल.

महाडला उतरून बैलगाडीनं आणखी दोन कोस गेलं की खाडीचा धक्का. मुंबईच्या बोटीची माणसं घेऊन बाणकोटकडून भरतीच्या पाण्यावर लाँच वर यायची ती इथं लागे. दगडी धक्का, एक खोपटं, खोपट्यात बंदराचा कारकून, आणि कारकुनापुढं एक भलंमोठं रजिस्टर. मास्तर धक्क्यावर पाय ठेवतात तोच कारकून बाहेर आला.

"हे काय आहे?"

"गरी."

"माल की सामान?"

"म्हणजे?"

"माल असेल तर नोंद हवी. सामान असेल तर बरोबर प्रवासी हवा. आपण प्रवासी आहात का?"

"नाही. मी मासे धरायला आलोय."

"म्हणजे मच्छीमार," कारकून समाधानानं म्हणाला. "होडी कुठाय?"

"होडी नाही. मी शाळामास्तर आहे."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. बंदरातून गुरं जायची, कौलं जायची, एकदा एक सर्कशीतलं अस्वलसुद्धा गेलं होतं आणि ते बिनचूक एका रकान्यात बसलं होतं. होडीशिवाय मासे धरणारा शाळामास्तर कुठल्याच रकान्यात बसेना. पाऊण तास दोघं रजिस्टरावर वाकले होते. शेवटी ‘बांबू, लांब, नग एक, पितळेसह’ अशी नोंद झाली आणि मास्तरांना धक्क्याच्या टोकाला बसायची परवानगी मिळाली. "लाँच लागताना काठी आत घ्यायची," कारकुनानं बजावलं.

टोकाला भागोजी नावाचा एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसला होता. शेजारी त्याची होडी डांबर लावून पालथी घातलेली. मास्तरांनी पुरचुंडी सोडून कणकेची गोळी गळाला लावली. भागोजीनं तिच्याकडं बघितलं.

"कनीक?" तो म्हणाला. "जिताडा काय एकादशी करतो व्हय, मास्तर?"

त्यानं आपल्या टोपलीतली मूठभर करंदी, म्हणजे बारकी कोलंबी, काढून दिली. मास्तरांनी ती लावली. गळ पाण्यात गेला. आणि त्या उन्हात, त्या खाऱ्या वाऱ्यात, पाय खाली सोडून बसल्यावर गोमाजी मास्तरांना जे वाटलं ते त्यांनी नंतर कधी कुणाला नीट सांगितलं नाही. बावीस वर्षं पाढे म्हणून घेणाऱ्या माणसाला कुणीही पाढे म्हणत नाही अशी जागा सापडली होती. पाणी येत होतं, चकाकत होतं. समोरच्या काठावर बगळे उभे होते, त्यांनाही घाई नव्हती.

दोरी ओढली गेली. मास्तरांनी घाईघाईनं चरखी फिरवली. वर आली ती चिंबोरी. गळात अडकलेली नव्हतीच. एका नांगीनं नुसती करंदी धरून आली होती. धक्क्यापाशी येताच तिनं मास्तरांना नीट पाहून घेतलं आणि नांगी सोडली.

दुसऱ्यांदा ओढ लागली आणि खरोखरचा मासा आला. पिवळट, टपोरा, मोठ्या डोळ्यांचा. धक्क्यावर टाकताच तो फुगायला लागला. फुगला, आणखी फुगला, नारळाएवढा झाला. मास्तर हर्षानं उभे राहिले. हातात घेऊन ते थेट खोपट्याकडं धावले. "बघा! पाण्यातून काढला तेव्हा एवढासाच होता!"

"मास्तर, ह्यो केंड हाय," मागून भागोजीनं हाक दिली. "कुत्रं पन तोंड लावत नाय त्याला. विषारी जात. सोडा."

मास्तरांनी तो पाण्यात सोडला. केंडानं सगळी हवा ‘फुस्स’ करून सोडली आणि तो बोटभर होऊन निघून गेला. शाळेवर येणारे काही मोठे अधिकारी मास्तरांच्या डोळ्यांपुढून गेले.

दुपार अशीच गेली. एक शिंगाळी आली, तिनं काटा मारला. एक फाटकी वहाण आली. भाकरी संपली. कोपराला ऊन लागलं. पोलादपुरात या घटकेला काय चाललं असेल ते मास्तरांना स्पष्ट दिसत होतं. ओट्यावर आवडी, अंगणात हवालदार, आणि वाटेकडं लागलेले दोघांचे डोळे. मोकळ्या हातानं जायचं म्हणजे शाळा उघडल्यावर वर्गातली पोरंसुद्धा मासा शब्द आला की एकमेकांकडं बघणार.

चारच्या सुमाराला खाली वळणावर लाँचची शिट्टी झाली. भरती भरात आली होती. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, धक्क्यापासून वीस हातांवर काहीतरी मोठं रुपेरी पाण्यातून उसळलं आणि धप्पदिशी पडलं.

"जिताडा," भागोजी शांतपणे म्हणाला.

"मास्तर, काठी आत!" खोपट्यातून कारकून ओरडला.

आज्ञा आणि जिताडा यांत माणसानं काय ऐकावं? मास्तर उठले. आयुष्यातली सगळी ताकद एकवटून त्यांनी काठी मागं नेली आणि फेकली. दोरी या वेळी पुढं गेली. फार पुढं गेली. लाँच धक्क्याला लागत होती, फळी टाकली जात होती, आणि फळीवर पहिला पाय ठेवत होती एक ठेंगणी, ठसठशीत बाई. नऊवारी, कपाळभर कुंकू, डोक्यावर गाठोडं. गळ त्या गाठोड्याला जाऊन लागला. मास्तरांना वाटलं, लागला मासा! त्यांनी हिसडा दिला.

गाठोडं डोक्यावरून उठलं, हवेत एक गिरकी घेतली आणि खाडीत पडलं. गळ सुटून परत आला.

 बाईनं आधी डोक्याला हात लावून पाहिला. मग पाण्याकडं पाहिलं. मग दोरीच्या मागोमाग नजर नेत नेत ती चरखीपर्यंत आली, आणि चरखीवरून मास्तरांच्या तोंडापर्यंत.

सगुणाबाई शुक्रवारी येणार होत्या. आज बुधवार होता. कळवलेल्या दिवशी गेलं की सुनेच्या माहेरचं खरं रूप दिसत नाही, म्हणून त्या दोन दिवस आधी आल्या होत्या. खरं रूप त्यांना दिसलं.

"इवाईबुवा," त्या म्हणाल्या, "तेव्हा मीठ घातलं नाय. आज मिठाच्या पान्यातच घातलंत."

मास्तरांच्या हातून काठी पडायची राहिली ती केवळ बोटं आखडली होती म्हणून. "विहीणबाई..." ते म्हणाले. 

"मागनं बोला. त्यात माझ्या सुनंचं डोहाळजेवणाचं लुगडं हाय. आधी ते काढा."

गाठोडं तरंगत होतं, पण भरतीच्या ओढीनं धक्क्यापासून लांब चाललं होतं. भागोजीची होडी पालथी. लाँचला वळायला जागा नाही. राहता राहिली ती साहेबाची गरी. लाँचवरचे पंचवीस-तीस प्रवासी कठड्याशी गोळा झाले आणि प्रत्येकाकडून सल्ला येऊ लागला. "डावीकडं मारा!" "वाऱ्याचा अंदाज घ्या!" "पागोटं काढा आधी!"

पहिल्या फेकीला गळ मास्तरांच्याच पागोट्यात अडकला आणि पागोटं उलगडत पाण्यावर जाऊन आलं. दुसऱ्या फेकीला तो लाँचच्या भोंग्यापाशी गेला. खलाशानं तो सोडवून हळूच पाण्यात टाकला. गाठोडं आता तीस हातांवर गेलं होतं आणि एका बाजूनं बुडायला लागलं होतं. मास्तरांनी एकदा विहीणबाईंकडं पाहिलं. त्या ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, पण डोळे गाठोड्यावर होते, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता, धसका होता. पहिलटकरणीसाठी हौसेनं आणलेलं लुगडं होतं ते. मास्तरांनी मान, अपमान, पोलादपूर, हवालदार सगळं डोक्यातून काढून टाकलं. डोळे मिटले आणि फेकलं.

लाँचवर गजर झाला. डोळे उघडून पाहतात तर गळ नेमका गाठोड्याच्या गाठीत! मास्तर चरखी फिरवू लागले, गाठोडं डुलत डुलत धक्क्याकडं येऊ लागलं, आणि खलाशी, प्रवासी, भागोजी सगळे टाळ्या पिटू लागले. जन्मात प्रथमच मास्तरांनी छडी न उगारता त्यांच्यासाठी कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या.

गाठोडं वर येताच कारकून रजिस्टर घेऊन पुढं झाला. "पाण्यातून वर काढलेला जिन्नस. याची नोंद होईपर्यंत हात लावता येणार नाही. याला वारस कोण?"

"वारस?" सगुणाबाई वळल्या. "वारस माझ्या सुनंच्या पोटात हाय, दादा. दोन महिन्यांनी येनार. तंवर ते बुक उघडं ठेवून बस."

कारकुनानं बुक मिटलं. पुढं त्या बाई धक्क्यावर असेपर्यंत त्यानं ते उघडलं नाही.

गाठ सोडली. हिरवं लुगडं निथळत होतं आणि त्याचा रंग मुंबईहून आणलेल्या पांढऱ्या हलव्यावर पसरून हलवा पोपटी झाला होता. मास्तरांनी मान खाली घातली. एवढ्यात लुगड्याच्या घडीतून काहीतरी टुणकन उडालं. एक कोलंबी, चांगली बोटाएवढी, जिवंत. सगुणाबाईंनी ती बघितली मात्र, आणि त्यांचा हात असा चपळाईनं गेला की कोलंबी दगडावर पडायच्या आत मुठीत. मग त्यांनी मास्तरांच्या गळाकडं पाहिलं. तिथं सकाळची मेलेली करंदी लोंबत होती.

"ह्या मढ्याला जिताडा तोंड लावतो व्हय?"

"म्हणजे?"

"आना ती काठी इकडं. न्हाय, धरा तुमीच. गळ द्या माझ्याकडं." आणि त्यांनी कोलंबीच्या शेपटीतून गळ असा अलगद ओवला की ती वळवळतच राहिली. "माझं म्हायार ह्याच खाडीच्या काठचं. बापासंगं गरी टाकत होते मी. लगीन झालं, मुंबईला गेले, तीस वर्सं चाळीच्या नळाशिवाय दुसरं पानी बघितलं नाय. टाका! तिथं नाय. पान्याला जिथं भोवरा हाय ना, तिथं. हां. आता गप ऱ्हावा."

मास्तर गप राहिले. भागोजी हातातलं जाळं बाजूला ठेवून उठला. लाँच निघायची वेळ झाली होती, पण ती निघाली नाही.

दोरी एकदम ताठ झाली आणि चरखी ओरडली. मास्तर दोन पावलं पाण्याकडं खेचले गेले. "ढील द्या!" सगुणाबाई गरजल्या. मास्तरांनी ओढलं. "ढील म्हंजे सोडा वो, मास्तर हायत का कोन! सोडा! आता वढा. हळू! सोडा!" ते रुपेरी धूड पाण्याबाहेर उसळलं आणि तीस तोंडांतून एकच ‘अरारारा’ निघालं. मास्तरांनी दोरी हातानं आवरली तशी ती तळहात कापू लागली. सगुणाबाईंनी मागचापुढचा विचार न करता ते ओलं हिरवं लुगडं उचललं, मास्तरांच्या दोन्ही हातांना गुंडाळलं, आणि स्वतः पदर खोचून मागून काठीचं बूड धरलं. व्याही आणि विहीण, दोन वर्षं ज्यांचं बोलणं नव्हतं, ते एका काठीला लोंबकळत धक्क्यावर पुढंमागं नाचत होते. मास्तर काय ओरडत होते ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. हसत होते एवढं खरं. बाईही हसत होत्या. कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं, आणि त्या बारा वर्षांच्या पोरीसारख्या खिदळत होत्या.

भागोजी गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं जाळ्यात धरून तो वर टाकला. दोन हात लांब. धक्का त्याच्या शेपटीनं दणाणला.

"कुनी धरला?" लाँचवरून कुणीतरी विचारलं.

"इवाईबुवांनी!" सगुणाबाई म्हणाल्या.

"विहीणबाईंनी," मास्तर म्हणाले.

भागोजी म्हणाला, "कोलंबीनं," आणि पुन्हा जाळं सांधायला बसला.

दिवेलागणीला मोटार पोलादपुरात शिरली तेव्हा अर्धं गाव वेशीवर होतं. पुढं काठी, मागं जिताडा, आणि मधे विहीणबाई! रंगूबाई सारवणाच्या हातांनीच दारात आल्या. घर अर्धवट सारवलेलं, अंगणभर पापड, स्वतः जुनेऱ्यात. पण सगुणाबाईंनी सारवणाकडं पाहिलंच नाही. त्या तडक चुलीपाशी गेल्या, विळी ओढून घेतली आणि म्हणाल्या, "इनबाई, तुमी वाटन घ्या. कापाकाप माझी."

सदू हवालदारांनी टेप आणून मापं घेतली आणि झाल्या प्रकाराचा पंचनामा करायची तयारी दाखवली. त्यांना पोपटी हलवा देऊन गप्प बसवण्यात आलं. आवडीनं दोन तुकडे खाल्ले, मग तिसरा खाल्ला, मग डोकं मागितलं. सासू समोर बसून काटे काढून देत होती आणि बाप खांबाला टेकून, दोन्ही तळहातांना हळद लावून, नुसता बघत होता. आपण इतके सुखात आहोत हे मास्तरांच्या ध्यानात आलं ते रंगूबाईंनी "अहो, तुमचं पान थंड झालं," म्हटल्यावर.

गुरुवारी सगुणाबाईंचा उपास होता, त्यामुळं तो दिवस शांततेत गेला. शुक्रवारी झुंजूमुंजू होताना मास्तरांच्या पायाला कुणीतरी हलवलं. रंगूबाई होत्या.

"उठा. विहीणबाई केव्हाच्या न्हाऊन तयार आहेत. अंगणात उभ्या आहेत."

मास्तर डोळे चोळत बाहेर आले. सगुणाबाईंनी पदर कमरेला खोचला होता. खांद्यावर दहा हातांची काठी होती.

"इवाईबुवा, भरती परवापेक्षा चार घटका उशिरा हाय. पयली मोटार गाठली तर बसायला चांगली जागा मिळंल."

"पण विहीणबाई, आवडीची इच्छा तर पुरी झाली."

"तिची झाली," सगुणाबाई म्हणाल्या. "चला. आज काठी मी धरनार हाय. तुमी पाठीमागनं ओरडा."

मास्तरांनी कोट चढवला.